चोवीस मोजेपर्यंत

बॉयलर बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या बँडमध्ये सगळ्यांत लहान माणूस एकसष्ट वर्षांचा होता आणि बाकीचे त्याला ‘पोरगं’ म्हणायचे. एकूण अकरा जण, सगळे निवृत्त. अकरा जणांत मिळून बदललेले गुडघे तीन, कवळ्या चार, कानात यंत्र बसवलेले पाच आणि यंत्राच्याही पलीकडे गेलेला एक. बॉयलर ठोकण्यात उभा जन्म गेला की कान जातातच, त्यात नवल नाही. पण वाजवण्यात ही मंडळी कुठे कमी पडतात असं कुणी म्हणून तर दाखवावं. त्यांच्या तोडीचा बँड आसपासच्या एकाही कारखान्यात नव्हता, आणि हे ते स्वतःच येताजाता सगळ्यांना ऐकवत असल्यामुळे ते विसरायची कुणाला सोय नव्हती.

दर शनिवारी दुपारी चारला जुन्या कँटीनमध्ये तालीम असायची. खुर्च्या मुद्दाम हातांच्या आणलेल्या, कारण बिनहातांच्या खुर्चीतून उठणं आता कुणालाच जमत नव्हतं. सुरांचे कागद इतक्या मोठ्या अक्षरांत छापलेले की समोरच्या भिंतीपासूनही वाचता यावेत. ही सगळी व्यवस्था मास्तरांची. मास्तर म्हणजे बँडचे प्रमुख. पहिलं ट्रम्पेट त्यांचं. वय चौऱ्याहत्तर. नोकरीत असताना ते लेथवर टर्नर होते आणि केसाएवढी चूक राहिली तरी त्यांना घरी जाऊन जेवण गोड लागायचं नाही. बँडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी एकच नियम सांगायचे. शेजारचा श्वास घेतो तेव्हा आपण घ्यायचा नाही. तो थांबला की आपण सूर धरायचा, आपण थांबलो की तो धरील. मधे कोण कुठे थांबलं, हे ऐकणाऱ्याच्या बापालाही कळता कामा नये.

हा नियम त्यांनी वाजवण्यापुरता ठेवला नव्हता. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या स्टोअरकीपरला नवी कवळी बसली आणि वरचे सूर निसटायला लागले, तेव्हा मास्तरांनी गुपचूप त्याचे कागद बदलले, वरचे सूर दुसऱ्याच्या गळ्यात मारले आणि ‘ह्या चालीत असंच बरं वाटतं’ असं ठोकून दिलं. तालमीला जो न सांगता आला नाही, त्याच्या घरी त्याच दिवशी दोघांनी जायचं, हाही त्यांचाच दंडक. त्या दंडकापायी एकदा एकाला न्हाणीघरात पडलेला असताना वेळेत उचलला होता आणि दुसऱ्या एकाला नुसताच झोपेतून उठवून त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मास्तरांना दोन्हींचा सारखाच अभिमान होता. दुसऱ्याचं म्हातारपण सांभाळण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आपल्यालाही ते आलं आहे, एवढं मात्र त्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

आता भोंग्याचं सांगितलं पाहिजे, कारण घोडं पेंड खातं ते तिथंच. फार पूर्वी कारखान्याला वाफेचा भोंगा होता. पाळी सुरू होताना तो चोवीस सेकंद वाजायचा. तेवीस नाही की पंचवीस नाही. पुढे वाफ गेली, विजेची घंटा आली आणि ती ऐकून कामगारांना शाळेत आल्यासारखं वाटायला लागलं. तेव्हापासून बँडचा प्रत्येक कार्यक्रम भोंग्याने सुरू व्हायचा. मास्तर एकटे उभे राहणार, एकच सूर एका श्वासात चोवीस मोजेपर्यंत धरणार, चोवीसला मोठ्या ढोलावर एक ठोका पडणार आणि सगळा बँड आत येणार. अशी एक्केचाळीस वर्षं झाली होती. भल्याभल्या दांडग्या लोहारांना त्या सुराने डोळे पुसायला लावलं होतं.

आणि गेल्या हिवाळ्यापासून मास्तरांच्या छातीने संप पुकारला होता. डॉक्टरांनी तोंडात मारायचा फवारा दिला होता. तो ते ट्रम्पेटच्या पेटीत, पुसायच्या फडक्याखाली लपवून ठेवत. राहायला तिसऱ्या मजल्यावर. चढताना दुसऱ्या मजल्यावर ते थांबायचे आणि तिथला सूचनाफलक वाचायचे, म्हणजे कुणी पाहिलं तर वाचताहेत असं वाटावं. पाण्याची टाकी धुण्याची ती सूचना वर्षापूर्वीची होती आणि मास्तरांना ती खालच्या सहीशिक्क्यासकट पाठ झाली होती. परगावची लेक रोज फोन करून तब्येत विचारायची. ‘ठणठणीत’ हा शब्द एका दमात म्हणता येतो, म्हणून मास्तर तेवढाच म्हणायचे.

त्यातच कारखान्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण व्हायची वेळ आली. सहा आठवड्यांनी फाटकाजवळच्या मोठ्या आवारात सोहळा, नवे-जुने सगळे येणार आणि सुरुवात अर्थातच भोंग्याने. मास्तरांनी घरी दार लावून वाजवून पाहिलं. एकोणीस. परत वाजवलं. एकोणीस. तिसऱ्यांदा डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि सतराच झाले. भोंगा दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे बँडमधून उठणं, असं त्यांनी स्वतःच्या मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. आणि बँडमधून उठायचं तर मग सकाळी तरी कशाला उठायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

त्या शनिवारी मास्तरांनी एकोणीसलाच डावा खांदा खाली टाकला. एरवी चोवीसला ढोलाचा ठोका आणि हा खांदा एकदमच पडायचे, आणि बँड खांदा पाहून आत यायचा. मोजायचं काम एक्केचाळीस वर्षं मास्तरांचं होतं, दुसरं कुणी कशाला मोजेल? सगळे बिनबोभाट आत आले. मास्तर मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकताहेत, चाल रंगात येते आहे, तोच पाच सेकंदांनी मागून ढोल दणाणला.

ढोलवाल्याला सगळे दणक्या म्हणायचे. वय सत्त्याहत्तर. पस्तीस वर्षं तो वाफेच्या घणावर होता आणि कानाच्या यंत्रापलीकडे गेलेला तो एक म्हणजे हाच. त्याला सूर ऐकू येत नव्हता, मागच्या रांगेतून मास्तरांचा खांदा दिसत नव्हता. पुढच्या डोक्यांवरून ट्रम्पेटचं तोंड वर आलेलं दिसलं की तो डोळे मिटायचा, डावा तळहात ढोलाच्या कातड्यावर ठेवायचा आणि चोवीस मोजायचा. वीस वर्षांत त्याचा हा ठोका एकदाही चुकला नव्हता.

तो आत्ताही चुकला नव्हता. पण सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं. दणक्याने डोळे उघडले तर दहा चेहरे समोर. मास्तरांनी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी दोन बोटं आपल्या डोळ्यांकडे नेऊन त्याला लक्ष द्यायची खूण केली. परत वाजवलं, परत पाच सेकंद उशीर. तिसऱ्या वेळी तेच झालं, तेव्हा स्टोअरकीपरने उठून दणक्याच्या पाठीवर हात ठेवला, की होतं असं, वय झालं आपलं. कुणी ओरडलं असतं तर दणक्याने दोन शिव्या हासडल्या असत्या. त्या हळुवार हाताने मात्र त्याचा चेहरा पार उतरला. मास्तर मूग गिळून बसले आणि घरी जाताना त्यांना सूचनाफलकही वाचवेना.

पुढच्या शनिवारी दणक्याची खुर्ची रिकामी. पहारेकऱ्याने ढोलाची काठी आणून दिली, सकाळीच देऊन गेले म्हणाला. काठी स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली आणि आत चिठ्ठी: दुसरा माणूस बघा, माझं डोकं चालत नाही.

तालीम तिथंच मोडली. दंडकाप्रमाणे दोघांनी जायचं होतं. मास्तर आपली पेटी आणि दणक्याची काठी घेऊन उठले आणि त्यांच्याबरोबर वेल्डरबाई उठल्या. वेल्डरबाई म्हणजे दुसरं ट्रम्पेट. तीस वर्षं मास्तरांच्या डाव्या हाताला बसणारी, बॉयलरचे सांधे जोडण्यात सगळी हयात घालवलेली बाई. बोलणं मोजकं, नजर पक्की.  वाटेत मास्तरांना धाप लागायच्या आधी बरोबर बाईंच्याच चपलेचा पट्टा दोनदा निघाला आणि दोनदा थांबावं लागलं.

दार दणक्याच्या सुनेने उघडलं. सासरा आतल्या खोलीत आणि बहिरा, तरी बिचारी कुजबुजत बोलली. आठ दिवस झाले, बाबा मोजत बसलेत. जेवताना मोजतात, पहाटे उठून मोजतात. विसरण्याच्या आजाराचे डॉक्टर असतात त्यांच्याकडे मंगळवारची वेळ घेतली आहे, आणि ती घ्यायलाही त्यांनीच सांगितलं. कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात, कुठली गोळी कधीची, सगळं माझ्याकडून लिहून घेतलं आहे. पुढे आठवलं नाही तर असावं म्हणून. 

दणक्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. भिंतीवरचं घड्याळ उतरवून समोर ठेवलेलं. डोळे मिटलेले, तळहात टेबलावर. दोघं दारातच थांबली. थोड्या वेळाने त्याने टेबलावर एक ठोका मारला, डोळे उघडले आणि घड्याळात पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. सेकंदकाटा बरोबर चोवीसवर होता.

‘बघ मास्तर,’ तो म्हणाला. ‘घड्याळ म्हणतं माझं बरोबर. बँड म्हणतो माझं चूक. तू काही खोटं करायचा नाहीस. म्हणजे माझंच डोकं गेलं.’

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. जन्मात एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. गुन्हा कबूल करायचा तर माणसाला खाली मान घालून, हळू आवाजात करावासा वाटतो. पण दणक्याला अगदी कानाशी ओरडलं तरच चार शब्द कळायचे, हळू आवाजात काही सांगायची सोयच नव्हती. मास्तर त्याच्या कानाशी वाकले आणि ओरडले.

‘दणक्या, लबाडी मी केली.’

‘काय केलीस?’

‘लबाडी. मी एकोणीसला थांबतो. पुढं...’ इथंच श्वास संपला. मास्तरांनी ट्रम्पेटची पेटी टेबलावर ठेवली, उघडली, फडकं बाजूला सारलं आणि फवारा काढून सगळ्यांदेखत तोंडात मारला. मग टेबलाची कड धरून परत ओरडले. ‘पुढं दम पुरत नाही. तुझा ठोका बरोबर होता. तिन्ही वेळा बरोबर होता. चूक माझी होती आणि मी गप्प बसलो.’

खिडकी उघडी होती. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून आत पाहत होती. शेजारच्या घरातलं भांड्यांचं वाजणं बंद पडलं होतं. एक्केचाळीस वर्षं जपलेली मास्तरांची अब्रू अशी त्यांच्याच तोंडाने गल्लीभर झाली.

दणक्याने बोटांवर वजाबाकी केली.  ‘पाच सेकंदांसाठी,’ तो म्हणाला, ‘तू मला आठ दिवस वेड्यात काढलंस.’

‘हो,’ मास्तर म्हणाले. हे त्यांना ओरडावं लागलं नाही. दणक्याने ते ओठांवरून वाचलं.

दणक्या उठला. आधी त्याने घड्याळ नेऊन भिंतीवर टांगलं, ते सरळ आहे का हे मागे सरून पाहिलं, आणि सुनेला सांगितलं की मंगळवारची वेळ रद्द कर. सून तोंडाला पदर लावून रडली आणि मग तिने मास्तरांना, वयाचा मान ठेवून पण काडीचीही भीड न ठेवता, हे आठ दिवस घरात कसे गेले ते ऐकवलं. मास्तरांनी ते उभ्याने ऐकून घेतलं. तेवढं त्यांचं देणं होतं.

ते झाल्यावर ते म्हणाले, की भोंगा मी सोडला आणि बँडही सोडला. शनिवारपासून स्टोअरकीपरने पाहावं.

‘बसा, मास्तर,’ वेल्डरबाई म्हणाल्या. इतका वेळ त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. मास्तर बसले. ‘गेलं वर्षभर प्रत्येक चालीत तुमचा श्वास तुटतो तिथं मी धरते. तुम्हाला कळलं कधी?’

मास्तरांनी आठवून पाहिलं. एकूण एक चाल डोक्यात वाजवून पाहिली. ‘नाही,’ ते म्हणाले.

‘कळणारच नाही. शिकवलंय कुणी?’

मास्तरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. वर्षभर आपण सांभाळले जात होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता, म्हणून राग यायला हवा होता. तो येईना. उलट छातीत दुसरंच काहीतरी वर येत होतं. इतकं बेमालूम धरणारी ही बाई आपण तयार केली, ह्या अभिमानाने त्यांना भरून आलं. तरी अंगातला जुना पीळ एकदम सुटतो थोडाच. भोंगा एकट्याचा असतो, असं ते पुटपुटले.

‘भोंगा कारखान्याचा असतो,’ वेल्डरबाई म्हणाल्या.

सुनेने हे सगळं पाटीवर लिहून सासऱ्याला दाखवलं. दणक्याने ते वाचलं, मास्तरांच्या हातातून आपली काठी ओढून घेतली आणि बजावलं, ‘एक जण वाजवा नाहीतर दहा जण वाजवा. मी चोवीसलाच मारणार.’

पुढच्या तालमीत मास्तरांनी सगळ्यांसमोर दणक्याची माफी मागितली, परत ओरडूनच. ती संपली तेव्हा स्टोअरकीपर उभा राहिला आणि म्हणाला, की आता निघालंच आहे तर, आपले कागद का बदलले ते आपल्याला पहिल्याच दिवशी समजलं होतं; ‘असंच बरं वाटतं’ म्हणे! मग काय, बांध फुटला. एकाच्या करंगळीत जीव नव्हता, एकाला डाव्या डोळ्याने खालची ओळ दिसत नव्हती. पोरगं म्हणवणाऱ्या एकसष्टीच्याने कबूल केलं की अर्धा तास झाला की त्याला लघवीला उठावंच लागतं आणि शेवटची चाल तो ती दाबून देवाच्या भरवशावर वाजवतो. हसून हसून मंडळींची पुरेवाट झाली. वेल्डरबाईंनी खडू घेतला आणि कँटीनच्या फळ्यावर कुणाचं काय थकलं आणि ते कुणी धरायचं ते मांडलं. इतकी वर्षं जे जो तो एकटा लपवत होता, ते फळ्यावर पाहिल्यावर फारसं भयंकर वाटेना. फळा भरला तेव्हा त्यावर नाव नाही असा एकही जण उरला नव्हता, आणि दुसऱ्याचं काही धरत नाही असाही एकही नव्हता.

भोंग्याचा सांधा मात्र सहजी जमला नाही. बाराला वेल्डरबाईंनी बारीक आवाजात मास्तरांच्या सुरात शिरायचं, पंधराला मास्तरांनी बाहेर पडायचं. पहिल्या दिवशी तो सांधा इतका ठळक वाजला की चहावालासुद्धा वळून पाहायला लागला. वेल्डरबाईंनी जीभ चावली. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातचा एक सांधा कधी गळला नव्हता आणि हा गळत होता. मग रोज दुपारी दोघं कँटीनमध्ये बसायला लागली. टर्नरला केसाएवढं चालत नव्हतं आणि वेल्डरला तेवढंही नाही. दणक्या समोर बसून दोघांच्या ट्रम्पेटच्या तोंडावर एकेक तळहात धरायचा आणि हवा कुठे अडखळते ते सांगायचा. ऐकू येणाऱ्या कुणालाही ते इतकं नेमकं सांगता आलं नसतं. चौथ्या आठवड्यात एका दुपारी त्याने दोन्ही हात खाली घेतले आणि म्हणाला, आता नाही सापडत.

सोहळ्याला आवार गच्च भरलं होतं. मास्तरांची लेक पहिल्या रांगेत होती. एक मार्ग सोपा होता: मास्तरांनी पुढे उभं राहायचं, बाईंनी मागे बसून धरायचं; लोकांना काही कळलं नसतं. वेल्डरबाईंची त्याला हरकतही नव्हती. मास्तरांनीच तो मोडीत काढला. ते उभे राहिले, मग त्यांनी वळून बाईंना हात दिला आणि आपल्या शेजारी उभं केलं. सुरांचे कागद ठेवायच्या घोडीवर, सगळ्या आवाराला दिसेल असा, फवारा ठेवला. त्यातला एक झोत तोंडात घेतला. लेकीने ते पाहिलं आणि तिचा हात तोंडाकडे गेला. मास्तरांनी तिला मानेने खूण केली, की आहे हे असं, बोलू मग.

भोंगा निघाला. आवार चिडीचूप झालं. म्हाताऱ्या कामगारांनी डोळे मिटले. मागच्या रांगेत दणक्यानेही मिटले. सूर तसाच निघाला, तसाच चालला, फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेला. पंधराला मास्तरांनी ट्रम्पेट ओठांवरून खाली घेतलं. आणि मग त्यांना एक गोष्ट मिळाली जी एक्केचाळीस वर्षांत मिळाली नव्हती. उरलेले नऊ सेकंद त्यांनी कारखान्याचा भोंगा नुसता उभं राहून ऐकला. काय देखणा सूर होता तो. हा आपण इतकी वर्षं वाजवला, आणि आता हा आपल्याशिवायही वाजतो आहे, ह्या दोन्हींचा त्यांना एकाच वेळी अभिमान वाटला. चोवीसला ठोका पडला आणि अकराच्या अकरा जण आत आले.

कार्यक्रम संपल्यावर एक जुना फोरमन काठी टेकत पुढे आला. हा माणूस आयुष्यात कुणाला बरं म्हणाला नव्हता. त्याचे डोळे अजून ओले होते, पण खोड कुठली जाते.

‘काय मास्तर,’ तो म्हणाला, ‘आता भोंग्याला दोघं लागतात?’

‘दोघं नाही, तिघं,’ मास्तर म्हणाले. ‘मोजणारा मागे बसलाय.’

 फोरमनने वेल्डरबाईंकडे वळून विचारलं, की सांधा नेमका कुठे होता, मी कान देऊन ऐकत होतो. बाईंनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी बाईंकडे पाहिलं, आणि दोघांनीही त्याला काही सांगितलं नाही.

तेवढ्यात गळ्यातला ढोल सावरत दणक्या गर्दीतून वाट काढत आला. लोक काय विचारताहेत, त्याला कळायचा संबंध नव्हता. वीस वर्षांत त्याने तो सूर ऐकला नव्हता आणि आजही ऐकला नव्हता. त्याने काठी उगारली आणि फोरमनला, लेकीला आणि ऐकतील त्या सगळ्यांना आपल्या मोठ्या आवाजात सांगून टाकलं.

‘पुरे चोवीस होते. मी मोजलेत.’